बंद बाल्कनीतलं हसू

भूतबित मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. यवतमाळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करणारा फिटर होतो. आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी घासतंय, एवढंच मला ठाऊक. आता वय नव्वदीला आलंय, पुतण्याची मुलगी हे टाइप करून देतेय... एकदा सांगून टाकावं म्हटलं.

साठ-एकसष्टचं साल असेल. माझी बायको सुशीला पहिल्याच बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तिचे वडील, म्हणजे माझे मामाजी, बोरी अरबला एकटेच राहायचे. तरुणपणी ते घरून पळून कोल्हापूरकडे एका सिनेमा कंपनीत गेले होते – मुक्या सिनेमाच्या काळात. तेव्हा बाया कॅमेऱ्यापुढे फारशा येत नसत, म्हणून मामाजींची मिशी काढून त्यांना लुगडं नेसवायचे. गावानं यावरून त्यांची इतकी थट्टा केली की तो विषयच त्यांनी बंद केला. फक्त आईविना वाढणारी लहानगी सुशीला रडायला लागली की तिच्यापुढे ती सोंगं करायचे. हे तिनंच मला सांगितलेलं.

ती गेली आणि मामाजींनी बोलणंच टाकलं. पुढच्या वर्षी यवतमाळला एक विनोदी सिनेमा लागला – सिनेमे नुकते निघू लागले तेव्हाच्या फजितीचा. निदान यानं तरी बोलते होतील म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं. दुपारचा खेळ होता, थिएटर अर्धं रिकामं.

मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. राणीच्या कामाला धरून आणलेला दांडगा गडी मिशी काढू देत नाही, शेवटी पदरानं मिशी झाकून रडतो. मुक्या सिनेमाची नक्कल म्हणून तेवढा वेळ पडद्यावरचा आवाज बंद. लोक पोट धरून हसले, मग थांबले... आणि त्या शांततेत वरून, बायकांच्या बाल्कनीतून, सुशीला हसली.

हसता हसता ती श्वास आत ओढायची, मग एक बारीक उचकी यायची. चुकायचा प्रश्नच नव्हता. मी वळलो तर मामाजी आधीच उभे राहून वर बघत होते.

मागचे लोक ओरडायला लागले. मी मामाजींचा हात धरून जिना चढलो. बाल्कनीला कुलूप. डोअरकीपर म्हणाला, छत गळतं म्हणून कधीची बंद आहे, बायांना खालीच बसवतो. हातापाया पडलो तेव्हा त्यानं दार उघडलं. खुर्च्यांवर धूळ, तीही कोणी हात न लावलेली.

बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो. तिथं मामाजींनी तोंड उघडलं.

"जवाईबापू, तुमाले आयकू आलं ना?"

"आलं. अगदी तशीच... शेवटी ती उचकी."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "उचकी कायची? लहानी होती ते. समोरचे दात पडले होते ना, तवा हासे तशी. फुसफुस हवा जाये तोंडातून."

तिला अग्नी देतानाही ते रडले नव्हते. त्या दिवशी चहा थंड झाला तरी त्यांचं रडणं थांबेना.

सिनेमा उतरेपर्यंत ते माझ्याकडेच राहिले, रोज थिएटरात जाऊन बसायचे. पुन्हा काही ऐकू आलं नाही. मग बोरीला परतले, ते पुन्हा यवतमाळला आलेच नाहीत.

दोघं शेजारी बसलो होतो, आवाज एकाच क्षणी आला, तरी दोघांनी वेगळं हसू ऐकलं – हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही. सुशीलेला लहानपणी मी पाहिलेलं नाही. तिचं ते दात पडलेलं हसू कसं होतं, हे सांगणारं माणूसही आता उरलेलं नाही.