हळूहळू म्हणजे कवा

तळहात पालथा करून ते हवा खाली दाबल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "हळूहळू." भावकीत भांडण लागो, लग्नाचा मांडव रखडो, की आमच्या वाचनालयातला पंखा बंद पडो, हात तोच, शब्द तोच. सगळे त्यांना अण्णा म्हणत. उंब्रजजवळच्या आमच्या गावात मी ग्रंथपाल आहे. अण्णा रोज सकाळी स्कूटरवरून यायचे. ती इतकी संथ चाले, की रस्त्यातली कुत्रीही उठून भुंकायचे कष्ट घेत नसत.

आल्यावर ते एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन वर्तमानपत्रं घेत. एकाचं एक पान वाचायचं, मग दुसऱ्याचं. "दोघांचंबी थोडं थोडं खरं असतंय," म्हणत. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याचं कुणाशी वाकडं नाही. आमच्याकडे दर निवडणुकीत पक्ष दुसऱ्याच कुणाला तिकीट देई आणि अण्णा त्याचा प्रचार करत फिरत.

या पंचायत समितीला मात्र त्यांचंच नाव पुढं होतं. अण्णा हरखले होते. दोन नवे सदरेही शिवून आले होते. अडचण एवढीच, की पक्षातल्या तरुणांना गावातली वकीलबाई हवी होती. बाई तिशीतली, बोलायला रोखठोक. नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडू नका, तिलाही हळदीकुंकवाला बोलवा, असं ती दारोदार सांगत असे.

वाचनालयात यावरून रोज जुंपे.

"बाईला तिकीट दिलं तर म्हातारी मतं जातील," एकजण म्हणाला.

"आन् अण्णांना दिलं तर तरणी पोरं झोपतील," दुसरा म्हणाला. "अण्णा भाषणाला उभं ऱ्हायलं की आमी आत्ताच झोपतोय."

सगळ्यात मोठ्यानं अण्णाच हसले.

मी विचारलं, "तुम्हाला तिचं म्हणणं पटत नाही का?"

"पटतंय की, मास्तर. पर एकदम न्हाई. हळूहळू."

उमेदवार ठरवायच्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला भाषण ऐकायला घरी बोलावलं. शेजारी त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का, शेंगा फोडत बसल्या होत्या. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या होत्या. अण्णा म्हणाले, "समाज बदलायला पायजे, पर हळूहळू," आणि हवा दाबली.

आक्कांनी मान वर केली नाही. "हळूहळू म्हंजे कवा रं?"

अण्णांचा हात तसाच राहिला.

"मी हितं आले तवा तुला मिसरूडबी फुटलं नव्हतं. वडीलबी असाच हात करून हळूहळू म्हणालं हुतं." आणि त्यांनी पुढची शेंग फोडली.

अण्णांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. तो पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ते उठले. "तिकीट वकीलबाईला द्या. माझं घरातलंच बहुमत गेलंय." खसखस पिकली. बाहेर आल्यावर नव्या सदऱ्याची बाही चाचपत मला म्हणाले, "वाईट वाटतंय, मास्तर. खोटं कशाला बोलू?"

तरीही घरोघरच्या प्रचाराला तेच पुढं. वकीलबाई तावातावानं बोलू लागली, की घरचे म्हातारे आत जायला निघत. मग अण्णा म्हणत, "आवं, पटलं पायजे असं न्हाई. च्या हुईस्तवर ऐका तरी." चहा येई. अण्णा तो इतका सावकाश पीत, की बाईचं सगळं सांगून होई आणि पाहुण्याला सोडून घरच्यांना उठताही येत नसे. ती निवडून आली. गुलालात अण्णा ओळखू येत नव्हते.

त्यानंतरच्या थंडीत ते झोपेतच गेले. अंगणात गाव जमला होता. रीतीप्रमाणे चार जाणत्या बायका अण्णांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, बांगड्या फोडायला पुढं झाल्या. उंबऱ्यात आक्का बसल्या होत्या, रडून आवाज बसलेला. त्यांनी तळहात पालथा केला आणि हवा दाबली.

"हळूहळू, बायांनो. घाई कुणाला हाय?"

बायका थांबल्या. त्या दिवशी थांबल्या, त्या थांबल्याच.

आता सकाळी वहिनी वाचनालयात येतात. अण्णांच्या खुर्चीत बसून आधी एक पान याचं, मग एक त्याचं वाचतात. घरी जाऊन आक्कांना सांगायचं असतं. पान उलटलं की हिरव्या बांगड्या वाजतात. माझ्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. मी काही बोलत नाही.