मशीन बंद आहे

विद्यापीठाच्या फाटकासमोर झेरॉक्सवाल्या काकांचं टीचभर दुकान आहे. काका आठवीतच शाळेतून सुटले, पण वीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचून सगळे नियम त्यांना तोंडपाठ. कागद हातात आला की वाचायचाच, ही त्यांची जुनी खोड.

सोमवारी एक मुलगी विद्यापीठातून नाव काढून घ्यायचा अर्ज घेऊन आली. आई जिन्यावरून पडली होती, घरी बघायला कुणी नव्हतं. काकांनी अर्ज वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"मशीन बंद आहे."

"मग हे काय घरघरतंय?"

"पंखा."

"काका, थट्टा नको. आजच द्यायचाय."

"दे की! सत्राचे साठ टक्के दिवस भरायच्या आत नाव काढलंस, तर शिष्यवृत्तीतला मोठा वाटा परत मागतात. शिष्यवृत्तीच्या पुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय. कार्यालयाच्या खिडकीतले साहेब आपणहून सांगतील? त्यांच्या जिभेला कुलूप! गुरुवारी दिवस भरतात. जा, त्यांच्याकडूनच खात्री करून घे."

"आणि आईजवळ कोण?"

"मावशी असेल ना एखादी? बोलावून घे. चार दिवस बहीण बहिणीला बघणार नाही होय?"

मुलगी पाय आपटत खिडकीकडे गेली.

शुक्रवारी ती परत आली. "काका, पंखा दुरुस्त झाला का?"

काकांनी हसू दाबत अर्ज काचेवर ठेवला. प्रतीसोबत आणखी एक कोरा अर्ज तिच्या हातात दिला.

"हा कशाला?"

"पुन्हा प्रवेशाचा. आई चालायला लागली की भर."