तारेतलं सुखरूप

नातवाच्या पत्रात 'सेफ अँड साउंड' वाचलं आणि एकदम सुताच्या खळीचा वास आला.

मी बारा वर्षांची होते. सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या विणकर नरसव्वांकडे तार आली. त्यांचा मुलगा कामासाठी रंगूनला गेला होता. तार म्हणजे मयताचीच, म्हणून न वाचताच रडारड सुरू झाली, माग थांबला.

"पोरी, तू वाच की," नरसव्वा म्हणाल्या.

त्यातले 'सेफ अँड साउंड' हे शब्द शाळेत बाईंनी आदल्याच आठवड्यात शिकवले होते. "सुखरूप पोचलाय," मी म्हटलं.

माझी शाळा बंद करायला निघालेले वडील दारात उभे होते. "पुढच्या इयत्तेची पुस्तकं कुठं मिळतात?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हा वाटलं, नरसव्वांचा मुलगा मीच परत आणला. आज कळतं, त्या दिवशी सुखरूप पोचले ती मी.