आंबिया

संत्र्याच्या सालीचा वास आला की अजूनही मला माझा एक जुना अहवाल आठवतो. देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नागपूर कार्यालयात मी नवा अर्थतज्ज्ञ होतो, मूळचा कोकणातला. एप्रिलात पिकांच्या अहवालासाठी फोन केला तेव्हा पारशिवनीच्या एक बागवाल्या बाई म्हणाल्या, “उन्हानं आंबिया गळून राहिला, साहेब,” आणि मी अहवालात लिहिलं, विदर्भात आंबा गेला. अहवाल मुंबईला रवाना झाल्यावर संत्रं सोलता सोलता आमचे ड्रायव्हर हसले, “आंबिया म्हंजे आंबा नाही जी! संत्र्याचा बहार आहे तो.” लगेच मुंबईच्या साहेबांना फोन लावला, चूक सांगितली. ते दबक्या आवाजात म्हणाले, “अहो, व्याजदराच्या बैठकीत मी आत्ताच वाचून दाखवलं.” आता कागदावर ओळखीचा शब्द दिसला की मीच घाबरत विचारतो, “म्हंजे काय जी?”