उरलेला खडा

गफूरचाचा माणसं मोजत नसत, खडे मोजत. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर त्यांची नाव चाले. चढणाऱ्या प्रत्येकाने काठावरचा एक खडा डालड्याच्या डब्यात टाकायचा, पैलतीरी उतरताना एक उचलून पाण्यात भिरकावायचा. डबा रिकामा झाला, म्हणजे सगळे पोचले.

मी तेव्हा पलीकडच्या शाळेत गणिताचा नवा मास्तर. बाबिलोनचे लोक साठाने मोजत, माया लोक विसाने, शून्य मात्र आपलं, असं वर्गात रंगवून सांगायचो. एकदा म्हणालो, "चाचा, तुम्ही तर आकड्यांच्याही आधीचे!"

"असू द्या की," ते विडी विझवत म्हणाले. "जित्या मानसाला आकडा लावू न्हाई, गुरुजी. आकडा हवेत ऱ्हातो. खड्याला वजन हाये."

एका बाजारच्या संध्याकाळी मी गंमत म्हणून गुपचूप दोन खडे टाकले. सगळे उतरले, डब्यात एक उरला. चाचांचा चेहरा राखेसारखा झाला. "कोन ऱ्हायलं?" लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच कमी नव्हतं. "बाहेरगावचं असंल कोनी," म्हणत त्यांनी नाव माघारी फिरवली आणि भर पाण्यात उडी घेतली. आधी मी हसं होईल म्हणून गप्प होतो. मग भीतीने गप्प राहिलो. तसाच राहिलो, इतकी वर्षं.

तेव्हापासून मागची फळी मोकळी असे. तिच्यावर तो खडा. कुणी टेकलं की खेकसत, "काहून बसून राहिला तिथं? मानूस हाये!" दिवस मावळताना मध्येच वल्हं थांबवून हाक मारत, "ये रे बापा, नाव हितं हाये!" आणि कान देऊन बसत. ती फळी कधी वाळत नाही, असं बायका म्हणू लागल्या. नावेतली फळी, ओली असायचीच. पण मीही तिकडे बघेनासा झालो.

यंदा चाचांनी अंथरूण धरलं. मी जाऊन सगळं सांगितलं.

"व्हय, खडा तुमी टाकला असंल," ते म्हणाले. "मग माज्या हाकेला ओ कोन देऊन राहिलं, गुरुजी?"

उशाखालचा खडा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "तुमी चढवला. आता तुमीच उतरवा."

त्यांची माती झाल्यावर मी काठावर गेलो. खडा भिरकावायचा आणि मोकळं व्हायचं, एवढंच ठरवलं होतं. पण आधी एक हाक मारावीशी वाटली. मारली.

खडा अजून माझ्याच खिशात आहे.