तीन गाळ्यांची मोरी

चिंचवडजवळच्या माळावर १९५४ साली कारखान्याचं बांधकाम निघालं, त्यात गेनबाची तीन एकर जमीन गेली. त्याला तिथंच रोजंदारीवर काम मिळालं. काम एकच: कारखान्याच्या रस्त्याखालच्या मोरीत साठलेला गाळ उपसायचा.

पूर्वी त्या ओढ्यावर एकाच गाळ्याची, म्हणजे पाण्याला एकच वाट असलेली, दगडी मोरी होती. लॉऱ्यांसाठी ती अपुरी वाटली, म्हणून इंजिनिअर नानासाहेबांनी ती पाडून तीन गाळ्यांची रुंद मोरी बांधली आणि ओढाही तिच्या मापाने पसरून घेतला. त्याच वर्षी जमीन सपाट करायला वरची टेकडी उकरली. पावसाळ्यात तिथली माती आणि मुरूम ओढ्यातून खाली आला आणि मोरीपाशी निवांत बसला. दोन गाळे बुजले, पाणी रस्त्यावर चढलं, रस्त्याची कड खचली आणि सिमेंटची एक लॉरी कलंडली.

गेनबाने गाळ उपसून मुकादम सयाजीच्या हुकमाने काठावर टाकला. पुढच्या पावसात तोच गाळ परत मोरीत. कधीकधी फावड्याला काळी माती लागायची. ती आपल्याच शेतातली आहे हे गेनबाला बघताच कळायचं. शेत गेलं होतं, पण त्याची मशागत काही सुटली नव्हती.

तिसऱ्या वर्षी नानासाहेब पाहणीला आले, तेव्हा गेनबा म्हणाला, "सायेब, पान्याला पसरायला जागा दिली का ते दमानं चालतं, आन् वझं टाकून देतं. वाट अरुंद केली तर पळंल, गाळबी संगं नेईल."

"म्हणजे मोठी मोरी तुंबते आणि लहान तुंबत नाही?"

"जुनी कवाच तुंबली न्हाई."

नानासाहेब हसले. "तू फावडं चालव. पाण्याचं मी बघतो."

त्या उन्हाळ्यात गेनबाने कुणाला न विचारता ओढ्यातले धोंडे रचून दोन गाळ्यांच्या तोंडाशी कमरेइतके बांध घातले. रोजचं पाणी उरलेल्या एका गाळ्यातून जोरात धावू लागलं. पूर आला की पाणी बांधांवरून जाई आणि तिन्ही गाळे चालत. मोरी धुतल्यासारखी स्वच्छ राहिली.

नानासाहेबांनी वर अहवाल धाडला की तीन गाळ्यांची रचना यशस्वी ठरली आहे. गाळच उरला नाही, तेव्हा गाळ काढणाराही नको, म्हणून सयाजीने गेनबाला घरी बसवलं.

दोन पावसाळे गेले. मोरीतून सुटलेला गाळ ओढ्याने सरळ पवनेत नेला आणि जिथून कारखाना पाणी घ्यायचा, नेमकं तिथंच नेऊन टाकला. पंपाच्या विहिरीत चिखल भरला, दोन दिवस कारखाना बंद पडला. काय करावं ते विचारायला सयाजी गेनबाच्या दारात आला.

गेनबाने जाऊन विहीर पाहिली, नदीचं वळण पाहिलं. काय करायला हवं ते त्याला कळलं. घरी येऊन त्याने बायकोला, कुशाबाईला विचारलं, "सांगू का त्यांस्नी?"

कुशाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "आदी कायम करून घ्या. मग बगू."

१९५९च्या दिवाळीआधी गेनबा कायम झाला. गणवेश मिळाला, छातीवर पितळी बिल्ला आला. तो रोज सकाळी विहिरीतला चिखल मन लावून उपसतो. उपाय त्याला अजूनही ठाऊक आहे, पण नंतर कुणी विचारलेला नाही.