कोपऱ्यातलं कापलेलं नाव

ती तक्रार आठवली की आजही माझी चिडचिड होते. आरोपीवर नव्हे, तपास करणाऱ्या बाईवर. ती बाई म्हणजे मीच. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती, कमरेचा पट्टा घट्ट होता आणि अक्कल सैल. आता नातवंडं मला मोबाइल शिकवतात आणि मी निमूटपणे शिकते. तेव्हा मला सगळं येत होतं.

मी बंगळूरला जयनगर भागात इन्स्पेक्टर होते. आमचं घराणं तीन पिढ्या इथंच मुरलेलं. घरात मराठी, ठाण्यात कन्नड आणि राग आला की दोन्ही.

एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच शिवाजीनगरचा एक फोटोग्राफर आला. आमच्यासारखाच इथला जुना मराठी माणूस, लग्नाचे फोटो काढणारा. म्हणाला, लोक त्याचे फोटो परस्पर उचलतात, खालच्या कोपऱ्यातलं त्याचं नाव कापतात आणि आपल्या जाहिरातीत छापतात. कधी फुलवाला, कधी हॉलवाला.

“अहो, लग्नाचे फोटो लोकांनी बघण्यासाठीच असतात ना?” मी म्हणाले.

“बघू देत की, अक्का. कापू नयेत. नाव बघूनच मला पुढचं लग्न मिळतं.”

“सरी, सरी, ठीक आहे. अर्ज ठेवून जा.”

अर्ज मी ट्रेमध्ये ठेवला. आमच्या खात्यात अर्जावर अंत्यसंस्कार करायची ती सभ्य पद्धत होती.

पंधरा दिवसांनी महादेवपुऱ्याहून एक मुलगी आली. माहेर-सासर पुण्याचं, नोकरी इथं आयटीत, लग्न चार महिन्यांपूर्वी आमच्याच हद्दीतल्या हॉलमध्ये झालेलं. तिनं फोन पुढे धरला. एका विवाहसंस्थेची जाहिरात होती. नऊवारी, नथ, कपाळाला मुंडावळ्या अशी तीच मुलगी आणि खाली मजकूर: ‘सुशील, नोकरी करणारी वधू. त्वरित संपर्क साधा.’

“मॅडम, हे पुण्यात सासूबाईंपर्यंत पोचलंय. त्यांनी आईला फोन केला की मुलीला दुसऱ्या लग्नाची एवढी घाई होती तर आमच्याकडे दिलीत कशाला? नवरा हसतोय, पण त्या नाही हसत. माझ्याशी बोलणंच बंद केलंय त्यांनी.”

“फोटो कुणाकडे होते?”

“फोटोग्राफरकडे. त्याच्या पेजवर एक फोटो टाकायला मी हो म्हटलं होतं. पण हे असं?”

फोटोग्राफर तोच, शिवाजीनगरचा. माझे डोळे चमकले. आधी तक्रारदार म्हणून यायचं आणि मागून स्वतःच फोटो विकायचे! एवढ्या वर्षांची नोकरी, मला का कळत नाही? गुन्हा नोंदवला, पंच घेतले, दुकानात जाऊन त्याच्या हार्ड डिस्क जप्त केल्या.

“अक्का, यात आणखी तीन लग्नं आहेत,” तो म्हणाला. “दुसरीकडे कुठंच नाहीत. रविवारी एक अल्बम द्यायचाय.”

“कायदा रविवार बघत नाही,” मी म्हणाले. हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. परत येताना जीपमध्ये मनातल्या मनात दोनदा म्हटलंसुद्धा.

दोन दिवस त्याला ठाण्यात बोलावून चौकशी केली. खोटं बोलणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, तो सारखं पाणी मागतो, हा माझा अनुभव. हा एकदाही पाणी मागेना. तेही मला संशयास्पद वाटलं.

“मीच विकला असता तर माझंच नाव कशाला कापू, अक्का?”

“लबाड माणूस असंच करतो.”

त्याचं नाव असतं तरी मी ‘बघा, नावसुद्धा आहे’ म्हणालेच असते. म्हणजे त्याची सुटका कुठूनच नव्हती.

आमच्या ठाण्यात एक तरुण महिला शिपाई होती, धारवाडकडची, मोडकंतोडकं मराठी बोलणारी. तिनं जाहिरात आणि फोटोग्राफरच्या पेजवरचा मूळ फोटो शेजारी शेजारी ठेवले. “मॅडम, स्वल्प बघा. नावाबरोबर मागच्या करवलीचा अर्धा हात पण गेला. कलश हवेत आहे. धंद्याचा माणूस असं कापत नाही. हे कोणीतरी मोबाइलवर अंगठ्यानं कापलं.”

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण डोक्यात आधीच आरोपी बसला होता.

मग विवाहसंस्थेच्या चालकाला बोलावलं. तो कन्नडिगा, काखेत फाईल. “तिचं लग्न झालंय हे मला काय माहीत?”

“कपाळाला मुंडावळ्या दिसल्या नाहीत?”

“मला वाटलं तुमच्या लोकांचा दागिना असेल.”

मी कपाळावर हात मारला. फोटो कुठून आला, तर म्हणे नऊवारी नेसवणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्याकडून. लग्न जमलेल्या घरांना त्यानं काकूंचं नाव सुचवावं म्हणून त्यांनी नमुना पाठवला होता आणि यानं तो जाहिरातीत चढवला.

बंगळुरात काष्टा चापूनचोपून नेसवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लग्नसराईत त्यांची वेळ मिळणं मंत्र्यापेक्षा अवघड. या काकू पिशवीत सेफ्टी पिनांचा डबा घेऊनच ठाण्यात आल्या. इथून पुढे एका लग्नाला जायचं होतं.

“हो, मीच पाठवला. साडी मी नेसवलेली, मग फोटो माझाच की!”

“तुम्हाला कुणी दिला?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहून घेणाऱ्या शिपाई पोरीकडे. “बाहेर येऊन सांगू का?”

“इथंच सांगा. जबाब चाललाय.”

“अक्का, तुम्हीच पाठवलात की! आपल्या मराठी मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर.”

त्यांनी फोन उघडून दाखवला. वर माझं नाव. खाली तो फोटो, अर्धा हात कापलेला. त्याखाली माझे शब्द: ‘अशी नऊवारी इथं कोण नेसवतं? भाचीच्या लग्नाला हवीय.’ मग काकूंचं ‘मीच!’ आणि त्यावर माझे दहा जोडलेले हात.

सगळं आठवलं. त्या फोटोग्राफरच्याच पेजवरून मी तो फोटो घेतला होता. नाव नेमकं साडीच्या काठाला लागून येत होतं. उगीच कुणाची जाहिरात कशाला, म्हणून मी ते कापलं. पुढे दोन आठवडे तोच फोटो माझ्या टेबलावर पुरावा म्हणून पडला होता आणि मला ओळखू आला नाही. तेव्हा मी साडी पाहिली होती, मुलगी पाहिलीच नव्हती.

पोरीचं पेन थांबलं. “मॅडम, लिहू?”

“लिही,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तपास माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्यात आला आणि मी साक्षीदार झाले. वरिष्ठ काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. विवाहसंस्थेनं जाहिरात काढली, लेखी माफी दिली. मुलीच्या सासूबाईंना मी स्वतः फोन केला. त्यांनी मला जे सुनावलं ते मी उभ्यानं ऐकून घेतलं. त्यानंतर त्या सुनेशी बोलू लागल्या.

फोटोग्राफरचं तेवढ्यावर भागलं नाही. नव्या अधिकाऱ्याला विचारून डिस्क परत द्यायला मी स्वतः गेले, पण रविवार उलटून गेला होता. दुकानात पोलीस शिरलेले बघून त्या अल्बमवाल्या घरानं धाकट्या मुलीच्या लग्नाचं काम दुसऱ्या फोटोग्राफरला दिलं होतं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“ते तुम्ही इथं म्हणालात, अक्का, भिंतींसमोर. नाव कापलंत ते दोनशे बायकांसमोर.”

त्याचं बरोबर होतं. नोकरीभर मी लोकांना ‘सुरुवात कुणी केली?’ असं दरडावून विचारत आले. या एका प्रकरणात जो तो म्हणत होता, मी फक्त पुढं पाठवला. मीही तेच म्हणणार होते, शब्द ओठांवर आले होते. गुन्हा करतोय असं ज्यांना वाटतच नाही, त्यांच्यापासून जपावं, आणि त्यांत आपणही असतो, एवढं मी त्या दुकानाच्या पायरीवर शिकले. फार उशिरा शिकले, हे कबूल.

तिथंच उभं राहून मी ग्रुपवर लिहिलं. फोटो पुन्हा कुठंही जाऊ नये असं त्या मुलीनं निक्षून सांगितलं होतं, म्हणून नुसतं फोटोग्राफरचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली: ‘नऊवारीचा तो फोटो यांनी काढला होता. नाव मी कापलं. यांचा काहीही दोष नाही. तो फोटो सगळ्यांनी काढून टाका.’ त्याला वाचून दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि मी पाठवून दिलं.

दहा मिनिटांत नऊ उत्तरं आली. सगळ्यांचा मजकूर थोड्याफार फरकानं एकच: ‘अक्का, तो जुना फोटो उघडत नाहीये. परत पाठवा ना!’